गिरणगावचा रविवार : सुट्टीच्या दिवशी माणसं जायची कुठे?

जुनी_वही

गेल्या महिन्यात मावशीकडून आजोबांची (आईचे वडील) पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. आत टाळांची एक जोडी, गिरणीचा पितळी बिल्ला आणि दोन जाडजूड वह्या. वह्या भजनाच्या. अभंग आणि गवळणी शाईच्या टाकाने लिहिलेल्या, अक्षर टपोरं. मागच्या पानांवर मंडळाच्या वर्गणीचा हिशोब आहे. कुणाचे चार आणे आले, कुणाचे राहिले, पखवाजाला शाई भरायला किती लागले. प्रत्येक नोंदीच्या डाव्या बाजूला तारीख आणि तारखेपुढे वार. पानामागून पान उलटलं तरी वार एकच : रवि.

ते 'रवि. रवि. रवि.' बघून मी थांबलो. हा धागा तिथूनच सुरू होतो.

आजोबा रत्नागिरीकडचे, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते. आजीला मुंबईला आणण्याआधी ते गाळ्यात राहायचे. गाळा म्हणजे गावकीने मिळून भाड्याने घेतलेली खोली. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीवर अठरा जणांची नावं होती. भिंतीला ट्रंकांची उतरंड, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. अठरा माणसं त्या खोलीत मावायची कशी, असं लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, "मावायची कुठे? कधी सगळी एकदम असायचीच नाहीत." पहिली पाळी सकाळी सातला लागायची, दुसरी दुपारी साडेतीनला, रातपाळी बाराला. एक जण उठून गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा आडवा व्हायचा.

मग रविवारी? रविवारी अठराच्या अठरा जण मुंबईत, जागे, आणि खोली एकच.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गिरणगावातली भजनी मंडळं, व्यायामशाळा, नाक्यावरच्या बैठका, हुतूतूचे संघ, गणपतीतल्या तालमी यांचं कौतुक आपण 'मराठी माणसाची हौस' म्हणून करतो. हौस होतीच, पण रविवारी घरात बसायला जागा नव्हती हेही तितकंच खरं. खोलीबाहेर पडलेल्या माणसांनी ती सगळी दुनिया उभी केली.

आणि तो रविवारही आयता मिळालेला नव्हता. मुंबईची पहिली सूतगिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली, दोन वर्षांनी तिथे सूत निघू लागलं. पुढची तीसेक वर्षं कामाचा दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हिवाळ्यात दहा तास भरायचे आणि उन्हाळ्यात तेरा-चौदा. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणाला यंत्रं थांबली तरी साफसफाईला बोलावून माणसाचा अर्धा दिवस खायचे.

१८८४ च्या सप्टेंबरात कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या आज वाचल्या तर किती साध्या वाटतात : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागल्या महिन्याचा पगार पुढच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला मदत. पुढे २४ एप्रिल १८९० ला मोठी सभा झाली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते आणि दोन बायकांनीही तिथे भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

सहा वर्षं लागली, एका वारासाठी.

तुमच्या घरी कुणी गिरणीत, गोदीत, दुकानात, छापखान्यात असेल तर त्यांचा रविवार कसा जायचा ते लिहा. बारीकसारीक आठवणीही चालतील. किंबहुना त्याच हव्या आहेत.

---

पारावरचा

उत्तम धागा. आधीच्या काळाबद्दल थोडी भर घालतो, कारण गिरणीत आलेला माणूस कोरी पाटी घेऊन आला नव्हता.

आमच्याकडे अजून जुने गवंडी आणि सुतार अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. कित्येक गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. पोळ्याला तर बैलाला पूर्ण सुट्टी. आठवडी बाजाराच्या दिवशी शेतातलं काम निम्म्यावर येतं. म्हणजे विसावा होता, पण तो चंद्रावर, पेरणी-काढणीवर, देवाच्या वारावर बांधलेला. सुगीनंतर जत्रांचा हंगाम, तेव्हा आठ-आठ दिवस कुणी कामाचं नाव काढायचं नाही. याच माणसाला गिरणीने घड्याळ दिलं आणि जत्रा काढून घेतली.

शब्दांकडेही बघा. 'रजा' अरबीतून आला, मूळ अर्थ संमती, परवानगी. 'राजीनामा' त्याच्याच घरातला. 'सुट्टी' मात्र आपल्या 'सुटणे'मधून आली. रजा साहेबाकडे मागावी लागते, सुट्टी झाली की माणूस सुटतो. लोखंड्यांनी मागितली ती सुट्टी.

---

रोखठोक

मला एक पटत नाही. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा वार. इंग्रज आले म्हणून सरकारी कचेऱ्यांना रविवार मिळाला आणि तोच गिरण्यांतही आला असता. त्यात चळवळीचं श्रेय किती आणि राज्यकर्त्यांचं किती?

---

जुनी_वही

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, कबूल. पण त्याच शहरात, त्याच राज्यात, गिरण्या सुरू झाल्यापासून चौतीस वर्षं रविवारी चालू होत्या. आपोआप यायचं असतं तर एवढ्या काळात आलं असतं.

सरकारचं म्हणाल तर १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या पोरांना कामाला लावायचं नाही आणि बारापर्यंतच्यांना नऊ तासांवर राबवायचं नाही. मोठ्यांना त्यात काहीच नव्हतं. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणली, तीही मुंबईच्या कामगारांनी ती पदरात पाडून घेतल्यावर. या कायद्यांमागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरकडच्या गिरणीमालकांचा रेटा होता हे मी नाकारत नाही. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना खुपत होतं आणि इथले तास कमी झाले तर त्यांना हवेच होते. पण मँचेस्टरचा स्वार्थ आणि परळच्या माणसाची गरज एकाच वेळी खरी असू शकते. सही करणारे साडेपाच हजार जण मँचेस्टरसाठी सही करत नव्हते.

आणि वार ख्रिस्ती म्हणावा तर घाटावरून आलेल्या कामगाराच्या दृष्टीने रविवार खंडोबाचा! त्याला तो परका वाटायचं कारणच नव्हतं.

---

टाचण

तासांचा पुढचा हिशोब लिहून ठेवतो, म्हणजे आठवणी कुठल्या काळातल्या ते लावता येईल.

१९०५ च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची आडकाठी गेली. काही ठिकाणी दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला, त्यावरून संपही झाले. जो दिवा घरी आला असता तर रात्री पोथी वाचता आली असती, तोच गिरणीच्या खात्यात आल्यावर झोप घेऊन गेला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत मोठ्या माणसांना बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न, १९४८ मध्ये अठ्ठेचाळीस. तुमच्या आजोबांच्या वहीतली साल बघा. १९४८ नंतरची असेल तर संध्याकाळची रोजची तालीम शक्य होती. त्याआधीच्या माणसाला रविवारशिवाय वाव नव्हता.

घड्याळावरूनही मुंबईत भांडण झालं होतं. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. म्हणजे सूर्य तिथेच, पण भोंगा ३९ मिनिटं आधी. शहराने ते सहजासहजी घेतलं नाही. महापालिकेने आपली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. पहाटे उठून नळावर रांग लावणाऱ्या घरात ३९ मिनिटं म्हणजे काय, हे चाळीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

---

तांबडी_माती

जुनी वही, तुमचे आजोबा आमच्याच बाजूचे. वाचून घरचंच वाटलं.

आमच्या वाडीचं मंडळ करी रोडला होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली की चाळीच्या गच्चीवर शक्ती-तुऱ्याची, म्हणजे सवाल-जवाबाच्या जाखडी नाचाची तालीम. शाहीर मध्ये, ढोलकी शेजारी, पोरं गोल करून पायात चाळ बांधून. गच्ची खालच्या खोलीला हादरायची म्हणून खालच्या काकींना आधी विचारून यायचं, हा रिवाज. सामना ठरला की परळचं दामोदर नाट्यगृह. ते सोशल सर्व्हिस लीगने उभारलेलं. ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेली ही संस्था कामगारवस्तीत वाचनालयं आणि रात्रशाळा चालवायची. तिथे जाखडीला तिकीट काढून गर्दी व्हायची आणि सवाल-जवाब पहाटेपर्यंत. दक्षिणेकडच्या, म्हणजे सावंतवाडी-मालवणकडच्या लोकांची डबलबारी वेगळी. दोन बुवा समोरासमोर, एकाने अभंगातून टाकलेला प्रश्न दुसऱ्याने अभंगातूनच सोडवायचा.

पण चाकरमान्याची खरी सुट्टी रविवार नव्हे. ती शिमग्याची आणि गणपतीची. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचं, डोक्यावर ट्रंक, पोरांसाठी खाऊ. रजा मंजूर झाली तर ठीक, नाही तर खाडा. पगार कापला तरी चालेल, पालखी चुकता कामा नये.

यातली एक बाजू मला माझ्या काकांमुळे कळली. ते सात वर्षं बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या दारावर उभं राहायचं, कुणी आलं नाही तर त्याच्या साच्यावर घेणार, नाही तर परत खोलीवर. गणपतीत अर्धं खातं गावी गेलं की काकांना सलग पंधरा-वीस दिवस काम मिळायचं. दुसऱ्याच्या सणावर त्यांचं पोट. सात वर्षं त्यांनी गावचा गणपती पाहिला नाही, कारण तेच दिवस कमाईचे. हे ते कधी तक्रार म्हणून सांगत नसत. आरतीच्या वेळी मात्र उठून गॅलरीत जायचे.

---

माणगंगेकाठी

घाटावरच्यांचंही लिहितो. सातारा-सांगलीकडची मंडळी डिलाईल रोड, वरळी, नायगावच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींत भरपूर. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळी, खोली साधारण एकशे साठ चौरस फुटांची.

माझे वडील पहाटे तालमीत जायचे, रविवारी मात्र तालीम उशिरापर्यंत. हौदा (कुस्तीचा आखाडा) खणायचा, तांबड्या मातीत तेल-ताक-हळद मिसळायची हे काम रविवारचं, आणि त्यात सगळ्यांनी हात लावायचा, पैलवान असो की नवखा. मग नळाखाली अंघोळ आणि कुणाच्या तरी खोलीवर दूध. संध्याकाळी तमाशा. लालबागच्या हनुमान थिएटरात गावाकडचे फड यायचे. गाव सोडलेल्या माणसाला ढोलकीचा तोडा ऐकू आला की पाय आपसूक तिकडे वळतात, असं ते म्हणायचे. आईला हे आवडायचं नाही, तेही इथे नोंदवतो.

आणि शाहिरांना विसरून चालणार नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचाच साचा, पण गण झाल्यावर गवळणीच्या जागी गिरणीतलं, चाळीतलं जगणं. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. ऐकायला बसलेला माणूस आणि गाणारा माणूस एकाच पाळीतून आलेले असत, म्हणून ते मैदानावर तसं पोचायचं.

---

दिवेलागण

सगळं मन लावून वाचलं. आता विचारते. या सगळ्या रविवारांत बायका कुठे आहेत?

गाळ्यात अठरा पुरुष. त्या काळच्या मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या (१९२१ ची जनगणना). म्हणजे बहुतेकांचं घर गावी आणि शेत, गुरं, सासू-सासरे सांभाळणारी बाई तिथे. तिला कुठला आला रविवार! ज्या मुंबईत होत्या त्यातल्या कितीतरी वाइंडिंग आणि रिळाच्या खात्यांत कामाला. १८९१ च्या कायद्याने त्यांचे तास अकरावर आणले आणि रातपाळी बंद केली. पण गिरणीचे तास संपले की घरचे सुरू. आणि रविवार म्हणजे गोधड्या धुणं, दळण, पोरांची न्हाणी, गावाहून आलेल्यांचा स्वयंपाक. पुरुषांची सुट्टी बाईच्या कामाने भरलेली असायची.

आणि खानावळवाल्या बाया! ज्यांच्या ताटावर हा गाळ्यातला संसार चालला त्यांनी रविवारी मटणाचं वाटण वाटायचं, कारण त्या दिवशी सगळे घरी. या बाया मोजल्याही गेल्या नव्हत्या कुठे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज आणि नाव मिळालं.

बायकांना फावला वेळच नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. तो कामाच्या आत दडलेला असायचा. पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की ओवी. हात दळतायत, तोंड भावाबद्दल, विठ्ठलाबद्दल, सासरच्या जाचाबद्दल बोलतंय, आणि ऐकायला दुसरी बाई समोर हक्काची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं गाणं बायकांनी केलं ते दळता दळता. पिठाची गिरणी आली आणि पाठीचा भार हलका झाला, ते चांगलंच झालं. पण ती दोघींची बैठकही गेली. चाळीत तिची जागा नळाने घेतली. हंडा भरेपर्यंत जेवढं बोलता येईल तेवढं.

जुनी वही, तुमच्या आजींचा रविवार कसा होता? मावशींना विचाराल का?

---

खडीसाखर

दिवेलागण, +१. डोळे उघडणारा प्रतिसाद.

आमच्या घरची गोष्ट जरा निराळी. वडील दादरला कापडाच्या दुकानात. दुकानांना रविवार नाही, उलट तोच धंद्याचा दिवस. दुकानात काम करणाऱ्यांसाठी कायदा उशिरा आला. मुंबई इलाख्यात पहिला १९३९ चा, मग १९४८ चा, ज्याला सगळे 'गुमास्ता कायदा' म्हणतात. त्याने तेव्हा आठवड्याला एक दिवस दुकान बंद असायचं. वडिलांचं सोमवारी.

त्यामुळे त्यांची सुट्टी आणि आमची सुट्टी कधी जुळलीच नाही. रविवारी सगळ्या चाळीतले बाप घरी, आमचा दुकानात. सोमवारी मी शाळेतून यायचे तेव्हा ते गॅलरीत स्टुलावर बसलेले असायचे, पांढरा सदरा इस्त्री केलेला, कुठेही जायचं नसताना. सगळे मित्र कामावर. संध्याकाळी रेडिओवर 'कामगार सभा' लागली की ती पूर्ण ऐकायचे. मला दप्तर खाली ठेवायला सांगून म्हणायचे, "बस जरा." तेवढाच आमचा एकत्र वेळ.

---

सातरस्ता

मी आजपर्यंत इथे फक्त वाचत आलो. आज लिहितो.

१८ जानेवारी १९८२. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले त्यात माझे वडीलही. मी तेव्हा नववीत. पहिले दोन महिने नाक्यावर मोठी गर्दी असायची, कॅरमवर रात्री उशिरापर्यंत माणसं. नंतर गर्दी विरळ होत गेली. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी घेतली. वडील भजनाला जायचे थांबले. आधी मला वाटलं मन नसेल. मग कळलं की वर्गणी थकली होती आणि ती मागायला कुणी येत नव्हतं, याचीच त्यांना लाज वाटत होती.

आमच्या घरी रविवार म्हणजे सकाळी मटणाची पिशवी. ती बंद झाली तेव्हा एकदा धाकट्या बहिणीने सोमवारी विचारलं होतं, "काल रविवार झाला?"

इतकंच.

---

तांबडी_माती

सातरस्ता, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वाडीच्या मंडळाच्या वहीतही १९८२ नंतरची पानं अशीच आहेत. नावं आहेत, पुढचे रकाने कोरे. कुणाचंही नाव खोडलेलं नाही.

---

जुनी_वही

सातरस्ता, तुमचा प्रतिसाद वाचून आजोबांच्या वहीतला वर्गणीचा हिशोब पुन्हा काढून बसलो. 'राहिले' असं लिहिलेल्या नावांकडे आता वेगळ्या नजरेने बघतो आहे.

टाचण, साल पाहिली. पहिली वही १९४६ ची, दुसरी १९५३ ला सुरू होते. तुमचं गणित बरोबर निघालं. दुसऱ्या वहीत 'रवि'च्या बरोबरीने 'बुध' आणि 'शनि'ही दिसू लागतात.

दिवेलागण, काल मावशीकडे जाऊन आलो. ती आता ऐंशीची आहे. विचारलं, आजी रविवारी काय करायची. तिने आधी कामंच सांगितली, तुम्ही लिहिलीत तीच, जवळपास त्याच क्रमाने. आजी १९५१ ला मुंबईत आली तेव्हा खोली वेगळी घेतली होती, पण गावचे तीन पोटभाडेकरू होतेच. घरात दिवसभर कुणी ना कुणी झोपलेलं, त्यामुळे भांडी वाजवायची नाहीत, पोरांनी ओरडायचं नाही.

मग मावशी म्हणाली, रविवारी संध्याकाळी बाबा आणि बाकीचे भजनाला गेले की आई आम्हाला गॅलरीत पाठवायची आणि दार लावून घ्यायची. चाळीत दिवसा दार लावत नसत, म्हणून मला नवल वाटायचं. एकदा फटीतून पाहिलं. आईने जमीन पुसून घेतली होती, चटई नाही, काही नाही. या कोपऱ्यात डोकं आणि त्या कोपऱ्याकडे पाय, अशी खोलीभर तिरकी आडवी झाली होती. हात दोन्हीकडे पसरलेले. झोपलेली नव्हती, डोळे उघडे होते.

वरून टाळ ऐकू येत होते, म्हणाली.